मिलिटरी बर्म्युडा आणि ऑल आउट ८१

बार्बाडोसमध्ये भर सकाळी, भर रस्त्यात, मी बायकोची ओढणी लुंगीसारखी गुंडाळून उभा होतो. हे आता आमच्या अख्ख्या घराण्याला माहीत आहे, कारण फोटो फॅमिली ग्रुपवर गेलाय. डोंबिवलीच्या आत्याने त्याखाली हात जोडलेली तीन चित्रं टाकली. तो नमस्कार नक्की कशाला होता, हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

लग्नाला पंधरा वर्षं झाली म्हणून लेकीला मावशीकडे सोडून आम्ही दोघं अमेरिकेतल्या एडिसनहून आठ दिवसांसाठी गेलो होतो. समुद्र निळा होता, वाळू पांढरी होती, नारळाची झाडं फोटोत वाकतात तशीच वाकलेली होती. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं आहे ते बर्म्युडाबद्दल.

ती मी डोंबिवली स्टेशनबाहेर घेतली होती. मिलिटरी प्रिंट, आठ खिसे. एकात पासपोर्टची झेरॉक्स, एकात सनस्क्रीन, एकात गोळ्या, एकात लेमनच्या गोळ्या. बॅग भरताना बायको म्हणाली होती, "अरे, ही नको घेऊस. चाळिशीत माणसाने झुडपासारखं दिसू नये." तिचा आक्षेप सौंदर्याचा होता, कायद्याचा नव्हता, हे मी इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो. कारण आता ती "मी सांगितलं होतं" असं म्हणत फिरते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्दिंगच्या बसस्टॉपवर आम्ही राजधानी ब्रिजटाऊनला जाणाऱ्या अकरा नंबरची वाट बघत होतो. आपल्याकडे अकरा नंबरची बस म्हणजे स्वतःचे दोन पाय. तिथे खरोखर अकरा नंबरची गाडी आहे: पांढरी व्हॅन, मरून पट्टा, आणि आत एवढ्या जोरात गाणी की आपल्या गणपतीतल्या डीजेने कान धरावेत. या विनोदावर मी एकटाच हसत असताना बाकावरच्या आजोबांनी माझ्याकडे पाहिलं.

सत्तरीच्या पुढचे असावेत. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी, मांडीवर ब्रेडफ्रूटची, म्हणजे नीरफणसाची, पिशवी. मी विचारलं, "शहरात जाणारी गाडी इथेच थांबते का?"

"गुड मॉर्निंग," ते म्हणाले.

"हो. शहरात जाणारी गाडी..."

"गुड मॉर्निंग."

बायकोने मला कोपर मारलं आणि स्वतः गोड आवाजात "गुड मॉर्निंग" म्हणाली. आजोबा प्रसन्न झाले. तिथे आधी रामराम, मग काम. दुकानात शिरा, गाडीत चढा, आधी सगळ्यांना गुड मॉर्निंग. मीही म्हणालो. मग त्यांची नजर खाली आली, माझ्या आठ खिशांवर स्थिरावली, आणि ते ओरडले, "चीज ऑन ब्रेड!"

मी म्हणालो, "नको, थँक यू, आमचा नाश्ता झालाय."

हा तिथला "अगं बाई गं!" आहे, हे मला संध्याकाळी कळलं. त्या क्षणी मात्र आजोबा माझ्याकडे करुणेने बघत राहिले. मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, की या देशात मिलिटरी प्रिंट फक्त मिलिटरीने घालायचं. सामान्य माणसाने घातलं तर गुन्हा. पर्यटक असो, लहान मूल असो, कुणालाही माफी नाही. लोकांना वाटेल तू सैनिक आहेस.

एवढं बोलून ते थांबले. माझ्या पोटाकडे पाहिलं. "नाही, तसं कुणाला वाटणार नाही," ते म्हणाले, "पण कायदा तो कायदा."

आता मला सांगा, हे मला कुणी सांगायचं? ज्या साइटवरून बुकिंग केलं त्यांनी चौदा ईमेल पाठवले. जोडप्यांचा मसाज, सूर्यास्ताची बोट, रमची चव, सगळं सांगितलं. 'पँट बघून आणा' हे तीन शब्द कुठेही नाहीत. किनाऱ्यावर मँचिनील नावाचं विषारी झाड आहे, पावसात त्याखाली उभं राहिलं तर अंगावर फोड येतात. त्या झाडाच्या खोडाला लाल पट्टा मारलेला असतो. म्हणजे झाडाची काळजी आहे. माझ्या बर्म्युडाला विमानतळावर कुणी लाल पट्टा मारला असता तर काय बिघडलं असतं? इमिग्रेशनच्या बाईंनी माझा पासपोर्ट चार मिनिटं चाळला. कमरेखाली एकदा बघायचं होतं!

आणि 'बर्म्युडा' तरी का म्हणतो आपण? ते बेट वेगळं, पार वर अटलांटिकमध्ये. पण हे सगळं मी ओढणी गुंडाळता गुंडाळता मनात बोलत होतो. ओढणी हिने विमानातल्या एसीसाठी घेतलेली, राणी रंगाची, बांधणीची. आठ खिसे भरलेले असल्यामुळे ती बसेना. ठिकठिकाणी फुगे आले.

"कुठले तुम्ही?" आजोबांनी विचारलं.

"इंडिया."

झालं. माणूस एकदम दहा वर्षांनी तरुण झाला. पिशवी बाजूला ठेवली, उभा राहिला आणि दोन्ही हात पसरून म्हणाला, "एट्टी-वन!"

ज्यांना हा आकडा नुसता आकडा वाटतो ते नशीबवान. मार्च १९९७, बार्बाडोसचंच केन्सिंग्टन ओव्हल मैदान, वेस्ट इंडिजविरुद्ध टेस्ट, सचिन कप्तान, जिंकायला १२० हवेत. मी तेव्हा दहावीत. तिथे सकाळ म्हणजे आपल्याकडे रात्र, त्यामुळे आई-बाबा झोपलेले, टीव्हीचा आवाज शून्य, आणि मी काळोखात एकटा. ८१ ऑल आउट. दुसऱ्या दिवशी डोंबिवलीत दूधवालासुद्धा काही बोलला नव्हता. ती जखम मी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं नीट बांधून ठेवली होती, आणि हा गृहस्थ बसस्टॉपवर पट्टी सोडत होता.

"बिशप, चार! रोझ, तीन! अँब्रोज, तीन!" आपल्या तिन्ही बोलरांच्या विकेटा मोजत त्यांनी हवेत एकेक चेंडू टाकून दाखवला. ब्रेडफ्रूट घरंगळत गेलं, ते मी ओढणी सावरत आणून दिलं. "तुमचा तो छोटा कप्तान! चार रन! कॉट लारा, बोल्ड बिशप!"

"पहिल्या डावात ९२ केले होते त्याने," मी म्हणालो. माझा आवाज जरा चढला होता, हे मान्य.

"सगळ्या टीममध्ये दहाच्या पुढे फक्त एक जण. कोण?"

"लक्ष्मण. एकोणीस," मी परीक्षेत दिल्यासारखं उत्तर दिलं.

"गुड बॉय."

मग मी माझा हुकमी पत्ता काढला. म्हटलं, २९ जून २०२४, हेच मैदान, वर्ल्ड कपची फायनल, शेवटच्या ओव्हरमधला सूर्यकुमारचा कॅच, सात धावांनी जिंकलो आम्ही. विसरलात?

"ते साउथ आफ्रिकेबरोबर," आजोबा शांतपणे म्हणाले. "मी आपल्या दोघांबद्दल बोलतोय."

यावर उत्तर नसतं. तोवर स्टॉपवर चारपाच जण जमले होते. प्रत्येकाने आधी गुड मॉर्निंग म्हटलं, मग ओढणीकडे पाहिलं, आणि प्रत्येकाला आजोबांनी सगळी केस पहिल्यापासून सांगितली: पँट, गुन्हा, इंडिया, एट्टी-वन. एका बाईंनी विचारलं, हा कुठला सण आहे का? बायको हसून हसून कठड्यावर बसली होती. तिचा फोन मात्र अजिबात हलत नव्हता.

अकरा नंबर आली. तीनच्या जागी चौथा म्हणून मला मागे कोंबण्यात आलं. साडेतीन बार्बाडोस डॉलर काढायला मला ओढणीच्या आत हात घालून पाचव्या खिशापर्यंत जावं लागलं. शेजारच्या शाळकरी मुलीने दप्तर दुसरीकडे घेतलं. मी तिला दोष देत नाही.

ब्रिजटाऊनच्या स्वान स्ट्रीटवर कपड्यांच्या दुकानात शिरलो, तर गल्ल्यावरचा माणूस गुजराती. ही मंडळी तिथे पिढ्यान् पिढ्या कापड विकतायत. मला वाटलं, चला, आपला माणूस, भाव करता येईल. त्याने ओढणी बघितली, फुगे बघितले, आणि काहीही न विचारता साठ डॉलर म्हणाला. तिथले साठ म्हणजे अमेरिकेचे तीस. गरजू माणूस कुठल्याही भाषेत ओळखू येतो. मी शेवटी उडत्या माशांचं चित्र असलेली पिवळी चड्डी घेतली. खिसे दोन, त्यातला एक खोटा.

त्यानंतर थकवा घालवायला माबी नावाचं पेय घेतलं. झाडाच्या सालीचं असतं. आमच्या आजीचा काढा बर्फ घालून, ग्लासात. तोही तीन डॉलरला. आजी फुकट पाजायची, तेव्हा आम्ही पलंगाखाली लपायचो.

पुढचे सहा दिवस मिलिटरी बर्म्युडा हॉटेलच्या तिजोरीत होती, पासपोर्टांच्या शेजारी, अफू असल्यासारखी. आजोबा आणखी दोनदा दिसले. दोन्ही वेळा त्यांनी टोपी काढून आधी बायकोला गुड मॉर्निंग केलं. मला नुसती बोटं दाखवली. आधी आठ, मग एक.

काल रात्री एडिसनमध्ये कचरा बाहेर ठेवायला निघालो, तेव्हा तीच बर्म्युडा घातली होती. अमेरिकेत कुणाची बंदी नाही. बायको भांडी लावत होती. तिला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. आमच्या साखरपुड्यात तिने सिली पॉइंट म्हणजे काय म्हणून विचारलं होतं. तिने वळूनही न बघता विचारलं, "अरे, लक्ष्मणने एकोणीसच काढले होते ना?"