रिव्ह्यूला उत्तर: ई 220 ऑटोमॅटिकचा जर्क आणि ताणलेली केबल

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की, 1996 ची मर्सिडीज ई 220 ऑटोमॅटिक, गिअर बदलताना जर्क बसतो म्हणून आमच्याकडे दिलीत, आम्ही ती दोन दिवस अडकवली, रबराचा एक तुकडा बदलला आणि गिअरबॉक्सची केबल ढिली करून पिकअप घालवला. नंतर दुसऱ्या गॅरेजनं दहा मिनिटांत केबल ताणून दिली आणि गाडी पुन्हा पळायला लागली. तुमचा राग मला समजतो. पण केबल तशीच ताणलेली ठेवून तुम्ही गाडी चालवताय याची मला जास्त काळजी वाटते, म्हणून सविस्तर लिहितोय. या गाड्या 1995 पासून इथं पुण्यातच जोडल्या जात होत्या, आजही बऱ्याच जणांकडे आहेत. त्यांनाही उपयोग होईल.

ती केबल पिकअपसाठी नसतेच. थ्रॉटलच्या (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या) जोडणीपासून ती खाली गिअरबॉक्समध्ये जाते आणि पेडल किती दाबलंय तेवढं त्याला कळवते. पाय हलका असेल तर गिअर लवकर बदलायचा, जोरात दाबला असेल तर उशिरा. केबल ताणली की पाय हलका असतानाही गिअरबॉक्सला वाटतं, मालक घाईत आहे. गिअर उशिरा पडतो, इंजिनचा आवाज चढतो आणि आपल्याला वाटतं गाडीत दम आला. ताकद तेवढीच असते, पेट्रोल मात्र जास्त जातं.

आम्ही ती ढिली केली नाही, जागेवर आणली. आधी पेडल दाबून थ्रॉटल पूर्ण उघडतो का आणि सोडल्यावर पूर्ण मिटतो का, हे बघितलं. ते चुकलेलं असेल तर गिअरबॉक्सची केबल कधीच बरोबर लागत नाही. मग इंजिन बंद, पेडल मोकळं ठेवून केबलच्या टोकाचं सॉकेट थ्रॉटलच्या जोडणीवरच्या बॉलवरून काढलं. केबल हळूच ओढली की एका ठिकाणी किंचित अडते. तिथं धरल्यावर सॉकेट बॉलवर अलगद बसलं पाहिजे, खेचावं लागता कामा नये. तुमच्या गाडीत ते आमच्याकडे यायच्या आधीपासूनच खेचून बसवलेलं होतं.

जर्कचं मूळ मात्र वेगळं होतं. गिअरबॉक्सच्या बाजूला व्हॅक्यूम मॉड्युलेटर असतो, म्हणजे व्हॅक्यूमवरून गिअरबॉक्समधल्या ऑइलचं प्रेशर ठरवणारा भाग. त्याला इनलेट मॅनिफोल्डवरून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीवरून) बारीक पाइपनं व्हॅक्यूम मिळतो. त्या पाइपचा रबरी कोपरा तडकला होता. नुसतं बघून कळत नव्हतं, वाकवला की भेग उघडायची. व्हॅक्यूम पोचला नाही की आतलं प्रेशर चढंच राहतं आणि गिअर धाडकन बसतो. तुम्ही म्हणताय तो रबराचा तुकडा हाच. त्याची किंमत बिलात वेगळी आहे, बाकीची रक्कम शोधण्याच्या मजुरीची. मॉड्युलेटरचा स्क्रू फिरवून जर्क झाकताही आला असता. गळती तशीच ठेवून सेटिंग हलवणं मला पटत नाही, आमच्या गॅरेजमध्ये ते होत नाही.

दोन दिवस लागले कारण गिअरबॉक्सचं ऑइल पूर्ण गरम असताना केलेली तपासणीच खरी. जुन्या मुंबई रस्त्यानं तळेगावपर्यंत गाडी चालवली, सेटिंग बघितलं, रात्रभर थंड होऊ दिली आणि सकाळी पुन्हा पहिल्यापासून तपासली.

सिग्नलवरून गाडी सुस्त निघते, असंही तुम्ही लिहिलंय. हा गिअरबॉक्स एरवी दुसऱ्या गिअरवरच सुटतो, कंपनीनंच तसा बनवलाय. पहिला हवा असेल तर पेडल तळापर्यंत दाबा, शेवटी खटका लागतो त्याच्याही पुढे. तिथं किकडाउनचा, म्हणजे खालचा गिअर पाडायचा स्विच आहे, तो विजेवर चालतो, केबल ताणण्याशी त्याचा संबंध नाही. गाडी न्यायला आलेल्या तुमच्या ड्रायव्हरला हे सांगितलं होतं, ते तुमच्यापर्यंत पोचलं नसावं.

गाडी सकाळी घेऊन या आणि शक्य असेल तर स्वतः या. तुमच्यासमोर व्हॅक्यूम गेज लावतो, केबल जागेवर आणतो, मग तुम्हीच चालवून बघा. याचे पैसे लागणार नाहीत. तोवर एवढं तपासा: पाय काढल्यावर आयडल (पेडल सोडल्यावरचा इंजिनचा वेग) चढं राहतंय का, आणि लिव्हर पी (पार्किंग) मधून डी (ड्राइव्ह) मध्ये टाकताना पूर्वीपेक्षा जोरात धक्का बसतोय का. तसं असेल तर चालवत आणू नका, गॅरेजला फोन करा. गाडी न्यायला मी माणूस पाठवतो.