जादा तासांच्या आधी

कोरोनात बंद पडलेल्या शाळा उघडल्यावर दिव्यांग मुलांचे जादा तास घ्यावेत, असं एका लेखात म्हटलं होतं. पटलं, पण निम्मंच. माझा भाचा जतजवळच्या वाडीवर राहतो, कर्णबधिर आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली आणि मोबाईलवरच्या धड्यांत त्याला बाईंचे ओठच नीट दिसेनात. पुढं शाळा उघडली तर सगळ्यांच्या तोंडावर मास्क! अशा पोरांना आधी वाचा-उपचार, ओळखीचे शिक्षक आणि ठरलेली दिनचर्या परत मिळू दे, अभ्यासाचं नंतर बघू. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिलाय. म्हणून विशेष शिक्षक वाडीवस्तीवर दर आठवड्याला यायलाच हवेत. घरच्यांनाही खुणांची भाषा शिकवावी. आईबाप ऊसतोडीला गेले की पोरगं आजीजवळच असतं, तेव्हा आजीला तर आधी.