सीक्रेट मॅनेजर निवडताय? मग माझं ऐकाच

गेल्या रविवारी नाशिकच्या गंगापूर रोडला मिसळीवर रस्सा ओतत होतो आणि फोन आला, तेव्हापासून मी या विषयातला तज्ज्ञ झालोय. त्यामुळे क्लाउडवरच्या ॲपची सीक्रेट, म्हणजे पासवर्ड आणि एपीआय की (दुसऱ्या सर्व्हिसशी बोलायचा परवाना), कुठं ठेवायची हे आता मलाच विचारायचं.

पहिलं म्हणजे स्वतःची गरज अजिबात बघू नका. चार पोरांची टीम, सगळं एडब्ल्यूएसवर (ॲमेझॉनचा क्लाउड), सीक्रेट मोजून अकरा, तरी व्हॉल्टच (हाशीकॉर्प कंपनीची सीक्रेट ठेवायची सॉफ्टवेअर-तिजोरी) घ्यायचा आणि तोही स्वतःच्या सर्व्हरवर. एडब्ल्यूएसचा तयार सीक्रेट्स मॅनेजर एका सीक्रेटला महिन्याला ०.४० डॉलर मागतो, अकराचे ४.४० डॉलर, एवढ्यात तर तिघांची मिसळ होते, कोण देणार!

कुबरनेटिसच्या (सर्व्हरवर ॲप चालवायची यंत्रणा) सीक्रेटमधलं बेस६४, म्हणजे कुणीही किल्लीशिवाय उलटं फिरवेल अशी नुसती वेगळी लिखावट, वाचता येत नाही ना? झालं मग एन्क्रिप्शन.

२०२३ मधे हाशीकॉर्पनं व्हॉल्टचं लायसन्स बदललं, मग त्याच्याच जुन्या कोडवरून ओपनबाओ निघालं, यावर टपरीवर दोन आठवडे भांडा. तोवर पासवर्ड लिहिलेली डॉट ईएनव्ही फाईल गिटमधेच (कोडचा सगळा इतिहास ठेवणारं टूल) राहू द्या.

आता मुख्य. व्हॉल्ट बसवला की त्याच्या किल्लीचे पाच तुकडे होतात, कुठलेही तीन जमले की तिजोरी उघडते. तुकडे वाटा, पण कुणाकडं कुठला ते लिहून ठेवू नका, आणि सर्व्हर रीस्टार्ट झाला की तिजोरी परत बंद होते हे तर बोलूच नका. आमच्या एका उत्साही भिडूनं रविवारी सकाळी पॅच टाकला, रीस्टार्ट मारला आणि आंघोळीला गेला. इकडं एकेक सर्व्हिस मान टाकायला लागली. एक तुकडा माझ्याकडं. त्या भिडूचा जुन्या लॅपटॉपमधे होता, तो फॉरमॅट झालाय. तिसरा गडी मुंबईच्या गाडीत, कसारा घाटात, रेंज नाही. चौथा दिवाळीतच सोडून पुण्याला गेलेला. पाचवा तुकडा साहेबांच्या कपाटात, आणि कपाटाची चावी साहेबांबरोबर शिर्डीला! माझी तर्री थिजली, पाव वातड झाले, क्लायंटचे अकरा मिस्ड कॉल. शेवटी घाट उतरल्यावर एकानं आणि पुण्यावरून दुसऱ्यानं आपापला तुकडा पाठवला. कुठं? व्हॉट्सॲप ग्रुपवर!

अरे काय लावलंय हे? क्लाउडच्या केएमएसनं (किल्ल्या सांभाळणारी सर्व्हिस) तिजोरी आपोआप उघडायची सोय व्हॉल्टमधेच आहे, कॉन्फिगमधे चार-पाच ओळी, त्या लिहायला कुणाला वेळ नव्हता. आणि तेवढंही सांभाळायला माणूस नसेल तर तयार सर्व्हिस घ्या ना गुपचूप, कसली हौस आहे! गिटमधली फाईल डिलीट केली म्हणजे हिस्टरीतून जात नाही, ती की बदलावीच लागते, हे पण दर वेळी मीच सांगायचं?

ते दोन तुकडे अजून ग्रुपवर पडलेत. रीकी करा (किल्लीचे तुकडे नव्यानं पाडा), रीकी करा म्हणून आज तिसऱ्यांदा मेसेज टाकला. एकानं अंगठा दाखवलाय.