अंगठा लागेना

कायद्याने बघाल तर आमचा भाड्याचा व्यवहार काकूंच्या सोफ्यावर, पोह्यांच्या बशीसमोरच ठरून गेला होता. 1872चा भारतीय करार कायदा तसा अल्पसंतुष्ट आहे. एकाने प्रस्ताव ठेवावा, दुसऱ्याने तो जसाच्या तसा स्वीकारावा, दोघं सज्ञान आणि शुद्धीवर असावेत, संमती राजीखुशीची असावी, मोबदला असावा, हेतू बेकायदा नसावा. झालं.

गोम आहे ती 'जसाच्या तसा'मध्ये. काकू म्हणाल्या वीस हजार, मी म्हणालो सतरा. त्या क्षणी त्यांचा प्रस्ताव मेला आणि माझा जन्माला आला. "अठरा, पण पुढच्या गॅलरीत कपडे वाळत घालायचे नाहीत," म्हणताच माझाही गेला. कोथरूडच्या त्या सोफ्यावर संध्याकाळभर प्रस्ताव धारातीर्थी पडत होते. अखेर मी निमूट मान हलवली. जुन्या घराची मुदत संपत आलेली, टेम्पोवाल्याला आगाऊ पैसे दिलेले, आणि तरी ही संमती राजीखुशीची! धाकदपटशा, दडपण, फसवणूक हे सगळं कायद्यात आहे, टेम्पोवाला नाही.

पण महाराष्ट्रात एवढ्यावर भागत नाही. 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 म्हणतं, करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. अकरा महिन्यांचा असला तरी सुटका नाही. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एजंटाने हे सांगितल्यावर ऐंशीच्या घरातल्या काकूंनी थेट देवघराकडे पाहिलं. वर नोंदणी नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. हे ऐकून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला उगीचच चोरट्यासारखं झालं.

मग एजंटाने लॅपटॉप उघडला, कॅमेरा लावला आणि अंगठ्याचं यंत्र टीपॉयवर ठेवलं. माझा अंगठा लागला. काकूंचा लागेना. आयुष्यभर भांडी घासून रेषा पार गुळगुळीत झालेल्या.

"जरा दाबा, काकू."

दाबला. लाल दिवा.

"एवढा नका दाबू."

"आत्ताच म्हणालास ना दाबा?"

पदराला पुसून झाला, कोमट पाण्यात बुडवून झाला, केसांवरून फिरवून झाला. साक्षीला वरच्या मजल्यावरून बोलावलेले काका व्हॅसलीन घेऊन आले आणि येता येता "गाडी माझ्या खांबाजवळ लावायची नाही" अशी स्वतःची अटही घालून गेले. करारात ते पक्षकार नाहीत, त्यांच्याकडून मोबदलाही शून्य. पण गाडी मी आजतागायत तिथे लावलेली नाही. शेवटी काकूंचा डावा अंगठा यंत्राला पसंत पडला, आणि नेमका तेव्हा सर्व्हर झोपला.

नव्या घरात आल्यावर बायकोने आठवण करून दिली, "घर मिळालं की पडदे, असं कबूल केलं होतंस." मी 1919चा इंग्लंडमधला बाल्फर खटला काढला: सिलोनला नोकरी करणाऱ्या नवऱ्याने बायकोला महिना तीस पौंड कबूल केले होते, अपील न्यायालय म्हणालं, नवरा-बायकोतली अशी घरगुती वचनं म्हणजे करार नव्हे. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, माझ्याच कार्डावर पडदे मागवले आणि ओटीपी विचारला.

मी सांगितला.