गुडघाभर पाणीही धोक्याचंच

लेकराबाळांसह मेळघाटातल्या सिपना नदीच्या खोऱ्यात पावसाळाभर राहण्यावरच्या या लेखात ‘पाणी गुडघ्याखाली असेल तर खुशाल ओलांडा’ असं लिहिलंय, ते कृपया बदला. खोलीपेक्षा वेग पाहायचा असतो. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. सेमाडोह-कोलकासकडे पात्रात गोटेच गोटे, त्यांवर बुळबुळीत शेवाळ. दोन गोट्यांच्या फटीत पाऊल अडकलं की धार माणसाला पुढे लोटते आणि मांडीभर पाण्यातही डोकं वर निघत नाही. म्हणून पडल्यावर लगेच उभं राहायची धडपड करू नये. उताणं व्हावं, पाय प्रवाहाच्या दिशेला नि पाण्याच्या वर ठेवावे, हातांनी काठाकडे सरकावं. दोर कमरेला बांधणं तर त्याहून वाईट: तो ताणला की माणूस खालीच दाबला जातो.

ऊन पडलेलं असलं तरी वर डोंगरात पाऊस कोसळत असू शकतो. पाण्याच्या कडेला एक काडी रोवून ठेवा. काडी बुडाली, पाणी गढूळलं, पालापाचोळा वाहत आला किंवा तळातून गोटे गडगडल्याचा आवाज आला, की सामान तिथंच टाकून पोरांना घेऊन उंचावर जा. रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी चाललं असेल तर गाडी घालू नका, खालचा भराव खचलाय का ते वरून कळतच नाही. नाले बहुधा काही तासांत उतरतात, थांबा. त्यासाठीच आठवडाभराचा तांदूळ, डाळ, मीठ, ओआरएस आणि रोजची औषधं घरात हवीत. लेखात या साठ्याचा उल्लेखही नाही.