एका वेळी एकच बदल

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: शाळेत वर्षानुवर्षं तीच प्रोग्रामिंगची भाषा आणि तोच बोर्ड (प्रोग्राम चालवणारं छोटं सर्किट) ठेवला की मुलं चाकोरीत अडकतात, दरवर्षी नवं काही हाती दिलं तर जुळवून घ्यायला शिकतात. आणि शाळेकडे आधीपासून असलेल्या अर्डुइनो उनो बोर्डांचं काय करायचं, हाही तुमचा प्रश्न आहे.

जुळवून घेता आलंच पाहिजे. पण त्यासाठी आधी काहीतरी पक्कं झालेलं असावं लागतं. दिवा अर्धा सेकंद पेटवून विझवायचा, एवढंच घ्या. स्क्रॅचमध्ये, म्हणजे ब्लॉक जोडून प्रोग्राम करायच्या भाषेत, थांबायचा वेळ सेकंदांत लिहितात, ०.५. मायक्रोबिट या बोर्डावरच्या मायक्रोपायथनमध्ये (छोट्या बोर्डांसाठीचं पायथन) स्लीप या थांबायच्या आज्ञेला मिलिसेकंद लागतात, ५००. अर्डुइनोच्या डिलेलाही ५००. रास्पबेरी पाय पिको या बोर्डावर मायक्रोपायथनच्या टाइम मोड्यूलचा स्लीप पुन्हा सेकंदांत. तिथे सवयीने ५०० लिहिलं तर दिवा आठ मिनिटांहून जास्त वेळ तसाच राहतो आणि मुलाला वाटतं बोर्डच बिघडला. स्क्रॅचच्या यादीत पहिला घटक १ क्रमांकाचा, पायथनमध्ये ० क्रमांकाचा. असा एखादा फरक मूल सहज पचवतं. दरवर्षी सगळंच बदललं तर तास त्यातच संपतात, आणि चार वर्षं दिवे लुकलुकवूनही स्वतःचं एक फंक्शन (नाव देऊन पुन्हा वापरता येणारा कोडचा तुकडा) लिहायची वेळ येत नाही. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

माझ्या मांडणीत बदल नाहीत असं नाही. पाचवीपर्यंत स्क्रॅच. सहावी-सातवीत मायक्रोबिट येतो, पण मेककोड या त्याच्या एडिटरमध्ये ब्लॉक जोडायची सवय तीच. आठवीत बोर्ड तोच, भाषा मायक्रोपायथन. नववीत भाषा तीच, बोर्ड पिको. प्रत्येक टप्प्यावर एकच गोष्ट नवी असते आणि दुसरी ओळखीची, त्यामुळे काही चुकलं तर कुठे शोधायचं हे मुलाला कळतं. (मेककोडमध्ये ब्लॉकचं पायथन करून पाहता येतं, पण तिथली फंक्शनं मायक्रोपायथनपेक्षा वेगळी आहेत. आठवीच्या सुरुवातीला थोडे दिवस दाखवावं, त्यावर वर्ष काढू नये.)

बोर्डांची सरमिसळ तर महागात पडते. उनो ५ व्होल्टचा, मायक्रोबिट आणि पिको ३.३ व्होल्टचे. अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर ५ व्होल्टवर चालवला की त्याची इको पिन ५ व्होल्टच परत देते. उनोला ती थेट जोडता येते. पिकोला तशीच जोडली तर पिन जळू शकते, मधे दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवावं लागतं. दोन्ही बोर्ड एकाच टेबलावर असले की शिक्षकाला शिकवणं सोडून वायरी तपासत फिरावं लागतं.

अर्डुइनोच्या सी++ भाषेमुळे मेमरी आणि डेटा टाइप कळतात, हा तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. उनोवर इंट (पूर्णांक साठवायचा डेटा टाइप) १६ बिटांचा असतो. मिलिसचा, म्हणजे बोर्ड सुरू झाल्यापासूनच्या मिलिसेकंदांचा, आकडा त्यात साठवला तर साधारण ३३ सेकंदांनी तो न मावून उणे होतो. पायथनमध्ये असं काही होतच नाही, म्हणून हा अनुभव द्यायलाच हवा. फक्त अकरावीत द्यावा, लूप आणि फंक्शन हातात बसल्यावर.

म्हणजे तुमचे उनो जपून ठेवा. त्यांच्या २ किलोबाइट रॅममध्ये मायक्रोपायथन मावत नाही, त्यामुळे मधल्या वर्गांत ते ओढूनताणून बसवू नका. (२०२३ मध्ये आलेला उनो आर४ वेगळा, मी जुन्याबद्दल बोलतोय.) नवे बोर्ड घेणं शक्यच नसेल, तर मात्र सहावीपासून शेवटपर्यंत उनोच धरा: आधी एमब्लॉक या सॉफ्टवेअरमध्ये ब्लॉक, मग अर्डुइनोचं सी++. एमब्लॉकच्या अपलोड मोडमध्ये रचलेल्या ब्लॉकचा अर्डुइनो कोड शेजारीच दिसतो, तिथूनच सी++ कडे वळता येईल.