‘ओरिजनल’ बॅटरी म्हणजे नक्की काय?

लॅपटॉपची बॅटरी गेली की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो कंपनीचीच घ्या. दुसरा म्हणतो आत सेल तेच असतात, स्टिकरचे पैसे कशाला द्यायचे? मी दोन्ही बाजूंनी भांडलोय आणि दोन्हीकडे हात पोळून घेतलेत.

पहिल्यांदा स्वस्तातली घेतली. चाळीस टक्के दाखवता दाखवता स्क्रीन काळी! चार्ज किती उरलाय याचा हिशेब पॅकमधलं सर्किट ठेवतं, आणि तेच कच्चं होतं. पुढच्या वेळी शहाणपणा करून ‘ओरिजनल’ मागवली. सील शाबूत, खोका कोरा. लॅपटॉपमधूनच बॅटरी रिपोर्ट (बॅटरीची मूळ आणि आत्ताची क्षमता दाखवणारा अहवाल) काढला, तर पहिल्याच दिवशी क्षमता मूळच्या पाऊणपट. मॉडेल बंद होऊन काही वर्षं झाली होती आणि लिथियम-आयन सेल नुसता पडून राहिला तरी म्हातारा होतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

बरं, कंपनीच्या पॅकमधले सेलही बहुतेकदा दुसऱ्यानेच बनवलेले असतात. २००६ साली डेलने सुमारे ४१ लाख बॅटऱ्या आगीच्या धोक्यामुळे परत मागवल्या. आतले सेल सोनीचे होते.

विकणाऱ्याची थाप मात्र साध्या गुणाकारात पकडता येते. जुन्या जाड बॅटऱ्यांत १८६५० नावाचे गोल सेल असतात: १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. त्यातला चांगल्यातला चांगला सेल साधारण ३५०० एमएएचचा (एमएएच म्हणजे क्षमतेचं माप). सहा सेलच्या ११.१ व्होल्टच्या पॅकमध्ये दोन-दोन सेलच्या तीन जोड्या. जोडीतल्या दोघांची क्षमता मिळवायची, तीन जोड्या एकापुढे एक जोडल्याने फक्त व्होल्ट वाढतात. म्हणजे कमाल ७००० च्या आसपास. त्यावर कोणी ९००० छापलं असेल तर पुढचं काही वाचूच नका. (१०.८ आणि ११.१ व्होल्ट पाहून घाबरू नका, ते एकच. ११.१ च्या जागी १४.८ मात्र चालत नाही.)

आता माझं सरळ आहे. मॉडेल चालू असेल तर कंपनीची. काही लॅपटॉप परकी बॅटरी चार्जच करत नाहीत. मॉडेल बंद पडलं असेल तर स्वतःचं नाव, उत्पादनाची तारीख आणि वॉरंटी देणाऱ्याची दुसरी. सगळ्यात जास्त भीती मला निम्म्या किमतीत मिळणाऱ्या ‘ओरिजनल’ची वाटते. ती बहुधा दुसऱ्याचं नाव लावलेली नक्कल असते; लोकल ब्रँडवाला निदान आपलं नाव तरी लावतो.

आणि ट्रॅकपॅड वर उचलला गेला असेल तर ही चर्चा नंतर. बॅटरी फुगलीय. चार्जिंग आत्ता बंद करा, टोचू-दाबू नका.